हात गेला नाही, हाक पोचत नाही

 

आज आपण लकव्याने लुळ्या पडलेल्या हाताबद्दल बोलणार आहोत. आपल्याकडे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. कुणी अर्धांग म्हणतं, कुणी लकवा. डॉक्टर त्याला पक्षाघात किंवा स्ट्रोक म्हणतात. नाव काहीही असो, ज्या घरात हे घडतं त्या घराची घडीच बदलते. चालणं हळूहळू येतं, बोलणंही बऱ्याच जणांचं सुधारतं. हात मात्र मागे राहतो. कोपरात दुमडलेला, मूठ आवळलेली, पदराखाली झाकून ठेवलेला असा हात आपण प्रत्येकीने कुणा ना कुणाचा पाहिलेला आहे.

हा विषय आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. तो आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागणीतून आला.

दिवाळीनंतरची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, आणि मग एका वहिनींनी अंतर्गत कर्जाचा विषय काढला. रक्कम अठरा हजार. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सासूबाईंच्या हातासाठी मशीन घ्यायचंय." त्यांच्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. गावात सगळे त्यांना काकू म्हणतात. काकू आता काठी घेऊन परसापर्यंत जातात, पण डावा हात तसाच. आठवडी बाजारात एक माणूस बसला होता. त्याच्याकडे मणक्यावर बांधायचा, बॅटरीवर चालणारा पट्टा होता. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात अमेरिकेतली एक बाई आहे. तिला लकवा झालेला. मणक्याला करंट दिला आणि तिचा हात हलू लागला. "हेच तंत्र आहे, दोन महिन्यांत हात मोकळा," असं त्याने सांगितलं.

बायका हळहळल्या. एकदोघी म्हणाल्या, "द्या की, म्हातारीचं भलं होईल." आम्हीही ठराव लिहायला वही उघडली होती, हे कबूल करतो. तेवढ्यात गटातल्या सगळ्यात जुन्या मावशी बोलल्या, "शेळी घेताना आपण दात बघतो. मग हे न बघताच घ्यायचं?" वही मिटली. आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि वहिनींना घेऊन उपजिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमना भेटलो. नंतर आणखी वाचलं, विचारलं. त्यातून जे समजलं तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. आधीच सांगतो, तो व्हिडिओ खरा होता.

पिट्सबर्गमध्ये काय घडलं

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग नावाचं शहर आहे. एकेकाळी पोलादाच्या कारखान्यांसाठी गाजलेलं. तिथल्या पिट्सबर्ग विद्यापीठाशी आपलं एक नातं आहे. पोलिओची पहिली यशस्वी लस डॉ. जोनास साल्क यांनी याच विद्यापीठात तयार केली. ती यशस्वी ठरल्याचं १९५५ साली जाहीर झालं. आपल्या बाळांना लसीकरणात पोलिओचं जे इंजेक्शन मिळतं, त्याचं मूळ तिथलं.

त्याच विद्यापीठातले आणि शेजारच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले संशोधक एकत्र आले. त्यात मार्को कापोग्रोसो, एल्विरा पिरोंदिनी, डग्लस वेबर आणि शस्त्रक्रिया करणारे पीटर गर्स्टन अशी मंडळी होती. त्यांचं काम फेब्रुवारी २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

त्यांनी दोन बायकांवर हा प्रयोग केला. एक ३१ वर्षांची, तिला नऊ वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव होऊन लकवा झाला होता. म्हणजे तेव्हा ती जेमतेम बावीसची. दुसरी ४७ वर्षांची, तिच्या लकव्याला तीन वर्षं झाली होती आणि तिचा हात जास्तच अधू होता. दोघींच्याही बाबतीत डॉक्टरी अंदाज असाच, की एवढ्या वर्षांनी आता हातात फारसा फरक पडायचा नाही.

या दोघींच्या मानेत, मणक्यांच्या आत, दोन बारीक तारा बसवल्या. शेवयांसारख्या बारीक आणि लवचिक. मोठी चिरफाड न करता सुईच्या वाटेने त्या आत सरकवल्या. प्रत्येक तारेवर वीज सोडण्याचे छोटे छोटे ठिपके होते. त्यातला कोणता ठिपका चालू केला की खांद्याला मदत होते, कोणता कोपराला, कोणता बोटांना, हे एकेक करून तपासलं. मग अगदी सूक्ष्म वीज ठराविक लयीत सोडायची आणि त्या बाईला सांगायचं, आता हात पुढे करा, मूठ उघडा, ही वस्तू उचला.

पहिल्या बाईची मुठीची ताकद करंट चालू असताना ४० टक्क्यांनी वाढली. दुसरीची १०८ टक्क्यांनी, म्हणजे दुपटीहून जास्त. हाताचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढला. आकडे बाजूला ठेवू. नऊ वर्षं आवळलेल्या मुठीची ती पहिली बाई हात उघडून सूपचा डबा उचलू लागली, कुलूप उघडू लागली, आणि एक दिवस तिने ताटातला मांसाचा तुकडा स्वतःच्या हाताने कापून खाल्ला. नऊ वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. दुसऱ्याने कापून, कालवून दिलेलं खाणं म्हणजे काय असतं, हे ज्या घरात लकव्याचं माणूस आहे त्या घराला वेगळं सांगायला नको.

२९ दिवसांनी तारा काढून घेतल्या. प्रयोगाचा ठरलेला काळच तेवढा होता. तारा काढल्यावर सगळं पहिल्यासारखं होईल असं वाटलं होतं. पण दोघींच्याही हातात झालेली थोडी सुधारणा करंट बंद झाल्यावरही टिकली, तारा काढल्यानंतर चार आठवड्यांपर्यंत ती दिसत होती. या काळात दोघींनाही कोणताही गंभीर त्रास झाला नाही.

मालक, मुकादम आणि टोळी

मानेत करंट दिला तर हात का हलावा? आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. फिजिओ मॅडमनी समजावलं ते आम्ही आपल्या भाषेत सांगतो.

ऊसतोडीची टोळी डोळ्यांपुढे आणा. मालक लांब घरी बसलेला. तो हुकूम देतो, "आज वरच्या फडात तोड." फडावर मुकादम असतो. तो हुकूम ऐकतो आणि टोळीला कामाला लावतो. आपल्या शरीरात मेंदू हा मालक. मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीची एक नाजूक दोरी खाली जाते, तिला मज्जारज्जू म्हणतात. त्या दोरीत, मानेच्या खालच्या भागात, हाताच्या स्नायूंना हलवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्या आपल्या मुकादम. आणि हाताचे स्नायू म्हणजे टोळी.

लकव्यात मेंदूची एखादी रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. मेंदूचा काही भाग मरतो. म्हणजे दुखणं मालकाच्या घरचं असतं. मुकादम फडावर जागच्या जागी असतो, टोळीही असते. हात नुसता पडून राहिला तर स्नायू रोडावतात, आखडतात, पण ते मेलेले नसतात. पुष्कळ जणांत मालकाकडून येणारी वाटही पूर्ण तुटलेली नसते, काही धागे शिल्लक असतात. त्या धाग्यांवरून हाक येते, पण इतकी क्षीण की मुकादमाला ऐकूच जात नाही. त्या बाईने नऊ वर्षं मनात कितीदा तरी म्हटलं असेल, "मूठ उघड." हाक निघत होती, पण पोचत नव्हती.

आता करंटचं काम बघा. आपल्या हाताकडून मेंदूकडे खबर नेणाऱ्या नसा असतात. तवा गरम आहे, पीठ सैल झालंय, हात अमुक जागी आहे, अशा खबरा. या नसा मज्जारज्जूत मागच्या बाजूने शिरतात आणि त्यांचे धागे थेट मुकादमांपर्यंतही जातात. तव्याला बोट लागलं की विचार करायच्या आत हात मागे येतो, तो अशाच जोडण्यांमुळे. पिट्सबर्गच्या संशोधकांनी तारा ठेवल्या त्या याच मागच्या बाजूला. करंट या खबर नेणाऱ्या नसांना जागं करतो, आणि त्या मुकादमाचा खांदा हलवतात, "अरे ऊठ, लक्ष दे." मुकादम सावध होतो. मग मालकाची क्षीण हाकही त्याला ऐकू येते.

यातली खरी गोम लक्षात घ्या. खांदा हलवणारा मुकादमाला काम सांगत नाही. कोणता फड, किती तोड, हे मालकच सांगतो. तसंच त्या प्रयोगात करंट चालू केला म्हणून हात आपोआप हलत नव्हता. त्या बाईने मनात आणलं तरच हलत होता, आणि तिने मनात आणलं तेच काम करत होता. करंटने तिच्या इच्छेला जोर दिला. इच्छा, प्रयत्न आणि सराव हे तिचेच होते.

खरा व्हिडिओ, खोटा पट्टा

मग बाजारातला तो पट्टा? फिजिओ मॅडमनी तो हातात घेऊन पाहिला, कारण वहिनींनी दोन दिवसांसाठी तो मागून आणला होता. कमरेच्या आणि पाठीच्या कातडीवर बसणारा पट्टा. चालू केला की मुंग्या येतात आणि गरम लागतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "शेक मिळेल. हाताला याचा काही उपयोग नाही."

पिट्सबर्गच्या तारा मणक्यांच्या आत होत्या आणि मानेत होत्या, कारण हाताच्या नसा मानेतून निघतात. त्या कुठे बसवायच्या यासाठी मेंदू-मणक्याचे सर्जन लागले, आणि कोणता ठिपका किती चालवायचा हे ठरवायला रोज माणसं बसली होती. कमरेला बांधलेल्या पट्ट्याचा आणि त्याचा संबंध नाही. त्या विक्रेत्याने खोटा व्हिडिओ दाखवला नाही. खऱ्या गोष्टीच्या शेजारी आपला माल मांडला, एवढंच केलं. फसवणूक अशीच असते, मैत्रिणींनो, शेजार चांगला निवडते.

फिजिओथेरपिस्टही काही वेळा हाताच्या स्नायूंवर पट्ट्या लावून करंट देतात, हे तुम्ही पाहिलं असेल. तो वेगळा प्रकार. त्यात स्नायूला बाहेरून हलवतात, आणि माणसाला तपासून, व्यायामाच्या जोडीने देतात. त्याचा उपयोग असतो. पण तो त्यांच्या हातून घ्यायचा, बाजारातून नव्हे.

आता तुमच्या मनातला पुढचा प्रश्न. मग ते खरंखुरं, मणक्याच्या आतलं, आपल्याकडे कुठे मिळेल? सरळ उत्तर द्यायचं तर, लकव्याच्या हातासाठी ते अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. मणक्यात तारा घालून करंट देणं ही गोष्ट नवी नाही. दुखणं थांबवण्यासाठी ते पहिल्यांदा १९६७ साली अमेरिकेत झालं, आणि आज आपल्या देशातल्या काही मोठ्या रुग्णालयांतही कंबरेच्या किंवा नसांच्या जुनाट, असह्य दुखण्यासाठी ते करतात. त्याला लाखांत खर्च येतो. पण दुखणं थांबवणं वेगळं आणि लकव्याचा हात चालवणं वेगळं. २०२३ च्या त्या अहवालात माणसं किती होती? दोन. दोन माणसांवरून वाट दिसते, रस्ता तयार होत नाही. आणखी पुष्कळ लोकांवर, जास्त काळ, काटेकोर तुलना करून पाहिल्यावरच ते उपचार म्हणून सगळ्यांना देता येतं.

कुणी "प्रयोगात घेतो, मोफत नाही पण सवलतीत करतो" असं म्हणालं तर सावध व्हा. आपल्या देशात माणसांवरच्या औषधांच्या आणि उपकरणांच्या चाचण्यांची नोंद सरकारच्या नोंदवहीत करावी लागते, तिला सीटीआरआय म्हणतात. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. चाचणीत घेण्याआधी आपल्या भाषेत सगळं समजावून लेखी संमती घ्यावी लागते. नोंद दाखवता येत नाही, कागद देत नाही आणि वर पैसे मागतो, अशा माणसाला दारातूनच परत पाठवायचं.

मग आपल्या हाती काय?

वहिनींचा चेहरा उतरला. रुग्णालयातून परतताना एसटीत त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "म्हणजे काहीच नाही ना?" तेव्हा आम्हालाही पटकन उत्तर सुचलं नाही.

नंतर विचार करताना लक्षात आलं, की आपण दोन चुका करत होतो. एक चूक बाजारात होणार होती, ती टळली. दुसरी चूक दोन वर्षं रोज होत होती. काकूंना आपण सगळ्यांनी सांगितलं होतं, "आता जे व्हायचं ते झालं, हात गेला." सहा महिने मालिश केलं, मग सोडून दिलं. डाव्या हाताला कुणी काही करूच दिलं नाही. वाटी उजव्या हातात, वेणी सून घालणार, पदर सून लावणार. मायेनेच केलं सगळं. पण मालकाने हाक मारायचंच सोडावं, अशी व्यवस्था आपणच करून ठेवली.

पिट्सबर्गच्या प्रयोगाने आम्हाला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही, की नऊ वर्षांनीही वाटेचे धागे शिल्लक असू शकतात. मशीन नसतानाही हे खरं आहे.

याला आणखी एक पुरावा आहे. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये मिळून १०८ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०२१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. त्यात मणक्याऐवजी मानेतल्या एका वेगळ्या नसेला, व्हेगस नावाच्या, करंट द्यायचं उपकरण छातीच्या कातडीखाली बसवलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सरकारने त्या उपकरणाला मान्यताही दिली. सगळ्या रुग्णांना लकवा होऊन नऊ महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतचा काळ उलटलेला होता. उपकरण सगळ्यांना बसवलं, पण खरा करंट निम्म्यांनाच दिला. व्यायाम मात्र सगळ्यांना सारखाच, सहा आठवडे कसून, आणि पुढे घरी. तीन महिन्यांनी पाहिलं तर करंट मिळालेल्यांत शंभरात साधारण ४७ जणांच्या हातात जाणवेल इतकी सुधारणा होती. करंट न मिळालेल्यांत ती शंभरात साधारण २४ जणांत होती. करंटने फायदा दुपटीच्या आसपास नेला, हे खरंच. पण तो दुसरा आकडाही बघा. केवळ कसून केलेल्या व्यायामावर, लकव्याला कित्येक महिने, वर्षं उलटल्यावर, शंभरातल्या चोवीस जणांचा हात सुधारला. बाकीच्यांचा तेवढा सुधारला नाही, हेही तितकंच खरं. आशा ठेवायची ती मापात, पण सोडायची नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत ठराव बदलला. अठरा हजार मंजूर झाले नाहीत. तीन हजार मंजूर झाले, काकूंच्या रुग्णालयातल्या फेऱ्यांच्या जाण्यायेण्यासाठी. दहा दिवसांतून एकदा त्या जातात, मॅडम नवे व्यायाम दाखवतात आणि घरी ते रोज करायचे. त्यांनी आम्हाला सांगितलेल्या काही गोष्टी सगळ्यांच्या उपयोगाच्या आहेत, त्या ऐका.

अधू हाताला रोज काम द्या. ते काम खरं असावं, उगाच हवेत हात हलवणं नको. शेंगा एका ताटातून दुसऱ्यात टाकणं, ओल्या फडक्याने पाट पुसणं, कपड्याची घडी दाबून धरणं. दिवसात एकदाच तासभर करण्यापेक्षा थोडं थोडं अनेकदा केलेलं बरं. काम करताना रुग्णाने त्या हाताकडे बघायचं आणि मनात हाक मारायची. हात हलला नाही तरी हाक मारायची.

रुग्णाला उठवताना अधू हात धरून कधीही ओढू नका. खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, तो निसटतो, आणि मग दुखण्यामुळे माणूस व्यायामच करत नाही. झोपताना, बसताना त्या हाताला उशीचा आधार द्या. आवळलेली बोटं जोर लावून झटक्याने उघडू नका. हळूहळू, एकेक. त्या हाताला गरम-गार कळत नसेल तर चुलीपासून, गरम पाण्याच्या पिशवीपासून जपा, भाजलेलं कळतही नाही.

ब्लडप्रेशरची आणि साखरेची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. एकदा लकवा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका असतो, आणि हळूहळू कमावलेलं एका दिवसात जातं.

आणि ज्यांच्या घरी अजून काही घडलेलं नाही त्यांच्यासाठी. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात वर उचलून धरता येईना, जीभ जड झाली, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही आणि दोन्हींचे उपचार उलटे आहेत. म्हणून घरच्या घरी कोणतीही गोळी देऊ नका, तोंडात पाणीही घालू नका, ठसका लागून छातीत जातं. "वारं गेलंय, उतरवून आणू" म्हणून आधी दुसरीकडे नेऊ नका. ते साडेचार तास पुन्हा मिळत नाहीत. पुढची नऊ वर्षं वाचवायची असतील तर ती तिथेच वाचतात.

काकूंचं काय झालं, हे विचारल्याशिवाय तुम्ही आम्हाला सोडणार नाही. चमत्कार झाला नाही. त्यांची बोटं अजून पुरती उघडत नाहीत, आणि काही दिवस तर त्या चिडून व्यायामच करत नाहीत. पण परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा वहिनी पीठ मळत होत्या आणि परात सरकत होती. काकू शेजारीच पाटावर होत्या. त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून परातीच्या काठावर ठेवला आणि मग उजवा हात काढून घेतला. डावा तिथेच राहिला. भाकरीचं पीठ मळून होईपर्यंत त्या हाताने परात धरून ठेवली. कुणी काही बोललं नाही. मळून झाल्यावर काकूच म्हणाल्या, "धरली की गं!"

तुमच्या गटात, तुमच्या वस्तीवर असा पदराखाली झाकलेला हात असेल तर या आठवड्यात त्या घरी जा. त्यांना जवळच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीचा दिवस कोणता, ते विचारून सांगा. शक्य असेल तर पहिल्या फेरीला सोबत जा. आणि दारात कुणी पट्टा, तेल, मशीन घेऊन आलं तर कर्जाची वही उघडण्याआधी आमच्या त्या मावशींचं वाक्य आठवा, शेळी घेताना आपण दात बघतो.